म्हाळूचा पावसाळा: कुळागरातल्या एका लॅब्राडूडलचे प्रकरण

“बाय, दोन दिवस झाले, ह्याने ताटाला तोंड लावले नाही.” आजींनी दारातूनच सांगितले. मागोमाग आजोबा आले. जुन्या धाबळीत गुंडाळलेला कुत्रा त्यांच्या दोन्ही हातांवर होता. जुलैचा तिसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. टेबलावर ठेवण्याआधीच वास आला: ओल्या लोकरीचा, आंबूस, आणि त्यात मिसळलेला कानाच्या बुरशीचा. पशुवैद्याला हा वास दारातच ओळखू येतो.

कुत्रा लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर. नर, वय तेरा महिने. रंग गुळाच्या ढेपेचा. खांद्यापाशी उंची ४८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम आकार. वजन १६.२ किलो. मे महिन्यात माझ्याच काट्यावर ते १८.१ भरले होते. आजींच्या बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाने त्याला पिल्लू असताना विकत घेतले आणि नाव ठेवले मायलो. पुढे त्याला कामासाठी परदेशी जावे लागले आणि पाच महिन्यांचा मायलो गोव्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आजी-आजोबांच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत आला. आजींच्या तोंडी त्याचा म्हाळू झाला. आता त्याला मायलो म्हटले तर तो मानही वळवत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण अलीकडे दर पावसाळ्यात अशा संकरित कुत्र्यांची संख्या माझ्याकडे वाढते आहे आणि बहुतेकांची गोष्ट म्हाळूच्याच वाटेने जाते. शिवाय त्यात माझीही एक चूक आहे. ती लपवून हे प्रकरण सांगता येणार नाही.

तपासणी

ताप १०३.६ फॅरेनहाइट. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते, १०१ ते १०२.५ पर्यंत काळजी नसते, पण हा त्याच्या वर होता. हिरड्या फिकट. डावा कान सारखा झटकत होता, उजवा थोडा कमी. डोळे निस्तेज. या कुत्र्यात अर्धे लॅब्राडोरचे रक्त आहे, आणि लॅब्राडोरची भूक साधी नसते. या जातीतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. अशांचे पोट भरले तरी मन भरत नाही. म्हाळूची ती चाचणी झालेली नाही, पण त्याची भूक मी पाहिलेली होती. म्हणून “दोन दिवस जेवला नाही” हे आजींचे वाक्य मी तापाच्या आकड्याइतकेच गंभीरपणे घेतले.

आजोबांनी खिशातून फणी काढली. “रोज विंचरतो मी. बघा,” म्हणाले आणि त्यांनी पाठीवरून ती फिरवली. फणी कुठेही अडली नाही, केस चमकत होते. मी त्यांचा हात धरला आणि त्यांचे बोट केसांतून खाली कातडीकडे दाबले. बोट कातडीपर्यंत गेलेच नाही. बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर काहीतरी घट्ट, थंड, ओलसर लागले. आजोबांनी बोट झटकन मागे घेतले. वरून रेशीम आणि खाली घोंगडे, अशी ती अवस्था होती. त्यांची फणी सहा आठवडे फक्त वरच्या रेशमातून फिरली होती. त्यांनी हयगय केली असे कोणी म्हणू नये. रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर ते नेमाने विंचरत होते. खालपर्यंत कसे जायचे, ते त्यांना कोणी दाखवले नव्हते.

काखेत, जांघेत आणि कानांच्या मागे केसांच्या सपाट जटा बनल्या होत्या. पट्ट्याखाली गळ्याभोवती एक आख्खे कडे तयार झाले होते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि त्या जटांच्या कडांना गोचीड. मोजायला घेतले, साठाच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडले.

रक्त काढले. हिमोग्लोबिन ९.१, प्लेटलेट ६२ हजार. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. तपासणीच्या किटवर एर्लिकियाची, म्हणजे गोचीड तापाच्या जंतूची रेघ उमटली. काचेवरच्या रक्तात बाबेशिया, गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी, दिसला नाही. कुळागरात उंदीर आणि साचलेले पाणी दोन्ही असल्यामुळे लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावाच लागतो, म्हणून हाती आलेले नकारात्मक संकेत पुन्हा पाहिले: डोळे पिवळे नव्हते, मूत्रपिंडाचे आकडे ठीक होते, लेप्टोची लस नोव्हेंबरात आणि नंतर महिनाभराने दिलेली होती. तरी निदान पक्के होईपर्यंत त्याची लघवी मोज्यांशिवाय हाताळू नका, असे घरच्यांना सांगितले. तो आजार माणसालाही होतो.

कानातला मळ काचेवर घेतला. बुरशीच्या पेशी, भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या, प्रत्येक क्षेत्रात भरपूर. कानाचा पडदा शाबूत होता.

थोडक्यात, गोचीड ताप, कानाची बुरशी आणि जटांखाली कुजत चाललेली कातडी अशा तीन गोष्टी एकाच वेळी. तिन्हींचे मूळ एकच. कुत्रा सहा आठवडे कातडीपर्यंत कोरडा झालेलाच नव्हता, आणि ओल्या, दाट केसांच्या आड गोचीड कोणाला दिसल्या नव्हत्या.

आधी काय करायचे?

समोर जटा आहेत, त्यांच्याखाली कातडी सडते आहे, गोचीड आहेत. कोणाचाही हात आधी मशीनकडे जाईल. गुंगीचे इंजेक्शन द्यायचे, तासाभरात सगळे केस उतरवायचे, मोकळे व्हायचे. माझ्या मदतनीसाने मशीन लावूनही ठेवले होते. पण प्लेटलेट ६२ हजारांवर असताना आणि कातडी जटेने ओढली गेलेली असताना ब्लेडचा एक ओरखडाही महाग पडू शकतो. जटेखाली कातडीची घडी वर उचललेली असते, मशीन कुठे केस कापते आणि कुठे घडी, ते दिसत नाही. शिवाय हिमोग्लोबिन कमी असलेल्या, तापाने फणफणलेल्या कुत्र्याला गुंगी देणे मला पटेना.

म्हणून त्या दिवशी फक्त तीन जागा मोकळ्या केल्या: कानाच्या नळीच्या तोंडापाशी, दोन्ही काखांत आणि पट्ट्याखालचे कडे. गुंगी न देता. आजोबांनी डोके मांडीवर घेतले आणि हलक्या आवाजात अभंग म्हणत राहिले. म्हाळू त्या आवाजाला सरावलेला होता, तो हलला नाही. ब्लेड दहा नंबरचे घेतले, ते कातडीवर दीडेक मिलिमीटर केस ठेवते. दर दोन मिनिटांनी ते मनगटाला लावून पाहायचे, तापले की थांबायचे. पट्ट्याखालची कातडी लालभडक, चिकट, जागोजाग पाझरणारी निघाली. माशा बसल्या असत्या तर आणखी दोन दिवसांत तिथे किडे पडले असते.

डॉक्सिसायक्लिन सुरू केले, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, रोज, २८ दिवस. हे औषध रिकाम्या पोटी किंवा नुसते घशात टाकून देऊ नये, अन्ननलिकेत अडकले तर तिथे जखम करते. म्हणून पेजेच्या दोन चमच्यांत द्यायला सांगितले. गोचिडींसाठी चघळण्याची गोळी दिली. ती देण्याआधी कधी झटके आले होते का, हे विचारून घेतले, कारण झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्याला या गटातली औषधे जपून द्यावी लागतात. कानासाठी धुण्याचे द्रावण आणि थेंब.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजींचा फोन आला. ताप उतरला होता आणि म्हाळूने पेज पिऊन भांडे अंगणभर ढकलत नेले होते.

सहाव्या दिवशी प्लेटलेट १ लाख १८ हजार. मग पाठ, पोट आणि मांड्या हलकी गुंगी देऊन उतरवल्या. पाठीवरची जट एकसंध तुकड्यात निघाली, मेंढीची लोकर उतरावी तशी. तिची आतली बाजू पाहिली तर जून महिना सगळा तिथे अडकलेला: सुपारीच्या बागेतली लाल माती, गवताची कुसळे, मेलेल्या गोचिडींची टरफले, आणि खोबरेल तेलाचा वंगणासारखा थर. ती वजनकाट्यावर ठेवली. साडेसहाशे ग्रॅम.

कानांची टोके मात्र शेवटी ठेवली, दहाव्या दिवसापर्यंत. हे मुद्दाम सांगते. कानाच्या पाळीवरची जड जट एकदम उतरवली की दाबलेल्या जागेत रक्त धावते, कुत्र्याला कान हलका आणि खाजरा वाटतो, तो डोके झटकतो आणि पाळी टेबलाच्या कडेवर आपटून टोके रक्ताळतात, कधी पाळीत रक्त साचून कान फुग्यासारखा होतो. प्लेटलेट कमी असताना तर हे हमखास. दहाव्या दिवशी कापल्यावर आजोबांच्या सुती मोज्याचा पाय कापून त्याची नळी डोक्यावरून चढवली, कान मागे बसवले आणि चार तासांनी काढली. त्याहून जास्त वेळ ठेवली असती तर बुरशी असलेला कान पुन्हा कोंडला असता.

आणि माझी चूक

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजींनी मला फोन केला होता. “ह्याला वास येतो, बाय. काय करू?” मी गर्दीत होते. म्हटले, आठवड्यातून एकदा शॅम्पूने आंघोळ घाला. सुकवायचे कसे, ते मी सांगितले नाही.

आजींनी सांगितले तसेच केले. दर शनिवारी मागीलदारी न्हाणीत भाणातले कढत पाणी थंडाशी विसणून म्हाळूला आंघोळ. मग टॉवेलने खसखसून पुसणे, मग तो सोप्यावर तासभर, मग पाऊस थांबला की सरळ कुळागरात. आधी गुंता न काढता आंघोळ घातली की ओला गुंता आवळला जातो, वरून टॉवेलने चोळले की आणखी आवळतो. खाज सुटली म्हणून आजींनी खोबरेल चोपडले. पोरांना चोपडतात तसे, मायेने. तेलाने माती धरली. सहा शनिवार असे गेले.

मार्चमध्ये पावसाआधीची लस द्यायला तो आला होता तेव्हा त्याचे केस पणजीला नेऊन छान बारीक कापलेले होते. तेव्हाच मी विचारायला हवे होते की जूनमध्ये याचे केस कोण आणि कसे सांभाळणार आहे. या कुत्र्यांची पिल्लाची मऊ लव साधारण आठव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान जाऊन मोठेपणाचे केस येतात, आणि त्या सांध्यात दोन्ही प्रकारचे केस एकमेकांत अडकून गुंता सर्वांत जास्त होतो. म्हाळूचा तो काळ नेमका मृगात आला. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. सह्याद्रीच्या पायथ्याकडे आणखी जास्त. आपले कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. ते केस कसे वाळणार?

“केस गळत नाहीत” म्हणजे काय

मुलाने हाच कुत्रा का घेतला, ते मी नंतर विचारले. त्याच्या मडगावच्या बहिणीच्या मुलाला दमा आहे. तो चतुर्थीला आणि मे महिन्यात आजोळी येतो. विकणाऱ्याने सांगितले होते: केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, काळजी काहीच नाही, लॅब्राडोरचा स्वभाव आणि पूडलची बुद्धी. चार वाक्ये, आणि पहिली तीन अर्धवट.

या संकराची सुरुवातच अशाच एका गरजेतून झाली होती. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन काम करत असत. हवाईतल्या एका अंध बाईंना असा कुत्रा हवा होता, ज्याचा त्यांच्या नवऱ्याला त्रास होणार नाही. कॉनरॉन यांनी पूडल आणि लॅब्राडोर यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर तिघांपैकी एकच त्या नवऱ्याला चालला. सख्खी भावंडे, एकच आईबाप, आणि एकच चालला. पुढे या नावाचा जगभर बाजार झाला, नाही नाही ते संकर निघाले, तेव्हा कॉनरॉन यांनीच उघड पश्चात्ताप व्यक्त केला. विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ही तीन पिल्लांची गोष्ट कधी नसते, आणि माझ्या मते ती प्रत्येक ग्राहकाला आधी सांगितली पाहिजे.

कारण पिल्लू हे आईबापांची सरासरी नसते. एखादे पूडलसारखे कुरळे, एखादे लॅब्राडोरसारखे सपाट केसांचे, बाकीची मधली, तीही प्रत्येक वेगळी. कुत्र्यांच्या केसांची बहुतेक विविधता फक्त तीन जनुकांच्या जुळणीतून येते, हे २००९ मध्ये दाखवले गेले: एक लांबीचे, एक कुरळेपणाचे, एक मिशा-भुवयांचे. मिशांचे जनुक एका पालकाकडून आले तरी पुरते, म्हणून या कुत्र्यांना सहसा ती म्हाताऱ्यासारखी गोड मिशी येते आणि लोक तिच्यावर भाळतात. केस गळण्याचा हिशोब त्याहून वेगळा असतो. म्हाळूला मिशी पूडलची मिळाली, आणि खालची दाट, गळणारी लव लॅब्राडोरची. ती लव गळते, फक्त जमिनीवर पडत नाही. वरच्या लाटदार केसांत अडकून राहते. सोफ्यावर केस दिसत नाहीत, म्हणून माणूस खूश. ते सगळे कुत्र्याच्या अंगावरच साठतात.

ॲलर्जीचेही तसेच. तिचे कारण असलेली प्रथिने मुख्यतः लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, केस हे त्यांचे वाहन. भाच्याला हा कुत्रा सोसतो की नाही, हे म्हाळूबरोबर राहूनच कळणार होते, आधी लिहून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आता घरात एवढे ठरले आहे की पोराच्या झोपायच्या खोलीत म्हाळू जाणार नाही आणि त्याच्या औषधाचा पंप आजींच्या उशाशी राहील.

संकर म्हणजे आपोआप निरोगी, हाही असाच समज. दोन जातींचे दोष वेगळे असतील तर संकराने ते झाकले जातात. पण खुब्याच्या सांध्याचा सैलपणा लॅब्राडोरलाही असतो आणि पूडललाही. हळूहळू आंधळे करणारा डोळ्याच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार दोन्ही जातींत तोच आढळतो. दोन्ही पालकांत तोच दोष लपलेला असेल तर संकराने काय वाचणार? पालकांची तपासणी झाली होती का, असे मी मुलाला विचारले. त्याच्याकडे लसीचे कार्ड आणि एक चकचकीत ‘प्रमाणपत्र’ होते. अशा संकराला केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशपत्र मिळत नाही, तेव्हा ते प्रमाणपत्र कोणाचे होते, देव जाणे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवा आणि पालकांच्या खुब्यांचे, डोळ्यांचे अहवाल दाखवा, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ विकणारे फोन ठेवून देतात.

स्वभावाचे मात्र विकणारा खरे बोलला होता. म्हाळू कामाला हावरा कुत्रा आहे. पाडेली माडावर चढला की हा खाली बसून वर बघतो, आणि सुकी झावळी पडली की ती ओढत गोठ्यापर्यंत नेतो. आजोबांनी त्याला हे शिकवले नाही. पाण्यातून शिकार आणण्यासाठी घडवलेल्या दोन जातींचे रक्त आहे, व्हाळात, म्हणजे ओढ्यात उडी मारणारच. रोज तासभर दमवून आणल्याशिवाय तो घरात नीट बसत नाही, एकटा ठेवला तर दाराची कडी नाकाने उघडतो. फ्लॅटमध्ये दिवसभर बंद राहिला असता तर त्याने घर डोक्यावर घेतले असते. कुळागर त्याच्यासाठी स्वर्ग आहे. ओल तेवढी तिथली अडचण.

घरची भेट

चौदाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. औषधाने म्हाळूवरच्या गोचीड मेल्या होत्या, पण घरच्या गोचिडींचे काय? कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच पूर्ण आयुष्य काढू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. घर चिऱ्याचे, जुने. म्हाळू झोपतो त्या सोप्याच्या कोपऱ्यात, गिलावा उडालेल्या दोन चिऱ्यांच्या सांध्यात मोबाइलचा दिवा धरला. आत मोहरीएवढे ठिपके हलत होते. आजोबांना दिसावे म्हणून मी चिकटपट्टी लावून काढून दाखवले. ते बराच वेळ त्या पट्टीकडे बघत उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंडी बोलावला आणि सांधे बुजवून घेतले.

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप झाल्यावर गोव्यात गोचीड म्हटले की लोक घाबरतात. आजींनीही तेच विचारले. तो आजार पसरवणारी रानातली गोचीड वेगळी, ही वेगळी, हे समजावले. पण काजूच्या रानात जाऊन आल्यावर कुत्र्याचे आणि स्वतःचे अंग तपासायची सवय दोन्हींसाठी चांगलीच.

घरात आणखी दोन कुत्री होती, कुळागराच्या राखणीची, गावठी. त्यांचा विषय आजवर कोणी माझ्याकडे काढला नव्हता. माझ्यादेखत थोरली कुत्री पावसातून आली, एकदा अंग झटकले आणि अर्ध्या तासात कोरडी. तिच्या आखूड केसांकडे बघून मला वाटले, या मातीला, या पावसाला हेच अंग शोभते. पण गोचीड तिच्याही कानात होत्या. तिचे रक्त घेतले तर प्लेटलेट १ लाख ४० हजार, बाहेरून लक्षण काहीच नाही. तिलाही औषध सुरू केले, आणि तिन्ही कुत्र्यांना गोचिडीची गोळी एकाच दिवशी, ठरलेल्या अंतराने. एकाला देऊन दोघांना सोडले तर पैसे पाण्यात.

आजींनी वैलावर टोपली पालथी घालून धुरी देण्याचे सुचवले, तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना देतात तशी. कल्पना कोरडे करण्याचीच होती, म्हणून मला आवडली, पण धूर कुत्र्याच्या फुप्फुसाला चांगला नाही आणि दमेकरी नातवाला तर नाहीच. तेव्हा त्याऐवजी आम्ही सुकवण्याची रीत बसवली. मी ओट्यावर बसून करून दाखवली, मग आजींकडून करवून घेतली.

आधी टॉवेल दाबायचा, चोळायचा नाही. टॉवेल ओला झाला की दुसरा. मग केस वाळवायचे यंत्र, थंड वाऱ्यावर, आणि त्याच वेळी ब्रश. आजींना ‘थराथराने विंचरा’ म्हटले तर कळेना. मी म्हटले, “आजी, तुम्ही नातीच्या वेण्या घालताना काय करता?” “भांग पाडते.” तेच. मागच्या पायापासून सुरुवात, एका हाताने वरचे केस दाबून धरायचे, कातडीची पांढरी रेघ दिसेपर्यंत भांग पाडायचा, त्या रेघेखालचे केस विंचरायचे, मग अर्धा बोट वर दुसरा भांग. शेवटी धातूची फणी, आणि ती कातडीला टेकून बाहेर आली पाहिजे. अडली तर तिथे ओढायचे नाही, बोटांनी गुंता सोडवायचा. नंतर बोटाचे मागचे पेर कातडीला लावून पाहायचे. पेराला गार लागले तर अजून ओल आहे.

पहिल्या दिवशी त्यांना पन्नास मिनिटे लागली. केस आता बोटभरही नव्हते, तरीही. वीज गेली तेव्हा आजोबा पंख्याऐवजी सूप घेऊन वारा घालत बसले.

केस १५ मेच्या सुमारास दीड सेंटिमीटरपर्यंत कापायचे आणि ऑक्टोबरपर्यंत त्याहून वाढू द्यायचे नाहीत, हे ठरले. पावसाळ्यात आंघोळ महिन्यातून एकदा, गुंता काढल्यानंतरच. रोज फक्त पाय आणि पोट साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायचे. घरात असताना पट्टा काढून ठेवायचा. खोबरेल बंद. झोपायला जमिनीऐवजी सुंभाची खाट, खालून वारा खेळता राहावा म्हणून. व्हाळात पोहून आला की कानात धुण्याचे द्रावण घालून कापसाने टिपायचे, काडी आत घालायची नाही.

खाण्याचे फार बदलावे लागले नाही. उकड्या तांदळाची पेज, उकडलेली अंडी, काटे काढलेला बांगडा आणि जोडीला चांगले तयार खाद्य. हुमण, शागोती असली कालवणे उरली म्हणून भातावर ओतायची नाहीत, त्यातला कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, आणि हिमोग्लोबिन ९ वर असलेल्या कुत्र्याला तर मुळीच नाही. चतुर्थीच्या आठवड्यात मनुका घातलेले गोडधोड त्याच्या उंचीच्या वर ठेवायचे, मनुकांनी मूत्रपिंडे बिघडतात. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, एवढे वजन ठेवायचे.

पुढे

अठ्ठाविसाव्या दिवशी प्लेटलेट २ लाख ४१ हजार, हिमोग्लोबिन १२.४. गावठी कुत्रीचेही आकडे सुधारले. सप्टेंबरात म्हाळू १७.८ किलो. पट्ट्याखालच्या जागेत केस आले ते थोडे गडद रंगाचे, तसेच राहतील बहुधा. चतुर्थीला भाचा आला, आठ दिवस राहिला. दोनदा पंप घ्यावा लागला, तो म्हाळूमुळे की आरतीच्या धुपामुळे, ते सांगता येत नाही. त्याच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, असे मी त्याच्या आईला कळवले. म्हाळू दीड वर्षाचा झाला की खुब्यांचा एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी ठरली आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी मी पुन्हा घरी गेले, तेव्हा आजी ओट्यावर बसल्या होत्या आणि म्हाळूची हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही. मांडीवरचा भांग पूर्ण केला, बोटाचे पेर कातडीला लावले, क्षणभर थांबल्या. “इथे अजून गार आहे,” म्हणाल्या आणि पुन्हा टॉवेल घेतला.

डावा कान अजून पूर्ण बरा नाही. नोव्हेंबरात समुद्रावर नेऊन आणल्यावर त्याला पुन्हा वास आला, काचेवर पुन्हा बुरशी दिसली, थेंब पुन्हा सुरू केले. त्या कानाची नळी उजव्यापेक्षा अरुंद आहे आणि आत केसही जास्त आहेत. दर पंधरा दिवसांनी तो तपासायचा, असे कार्डावर लिहिले आहे. पुढची तारीख गुरुवारची आहे.